सतरावी मात्रा

"मात्रा चुकली नव्हती. तुमी खोटा गज लावला, आन् तो खोटा हाय हे तुमाले मालूम होतं."

कापडावर खुणा करायच्या खडूनं डोमाजी शिंप्यानं हे कटाईच्या फळीवर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. वर कोणाचं नाव घातलं नाही, घालायची गरजही नव्हती. अख्ख्या आदिलाबादेत कवितेला गज लावून पास-नापास करणारा माणूस एकच होता. त्याला आईबापानं ठेवलेलं नाव असेलही, पण सारं गाव त्याला परीक्षकच म्हणायचं. शिक्षणखात्यातून निवृत्त झालेले, सरकारचा वजिफा, म्हणजे पेन्शन, खात घरी बसलेले परीक्षकसाहेब. काळी टोपी, लाल शाईची दौत, आणि समोरचा माणूस बोलत असताना त्याच्या तोंडाकडं न पाहता त्याच्या व्याकरणाकडं पाहायची सवय.

फसली सन १३४८ची, म्हणजे इंग्रजी १९३८-३९ची ही गोष्ट. शाळा उर्दूची, कचेरी उर्दूची. मराठी पोरांनी मराठी घरी बोलावी, नाहीतर गुरांशी बोलावी. गावातल्या चार-दोन शिकलेल्यांनी खटपट करून एक वाचनालय काढलं होतं. एक खोली, दोन कपाटं, आणि भिंतीवर काचेच्या चौकटीत लावलेला परवान्याचा कागद. त्यात अट होती की इथं राजकारणाची चर्चा होणार नाही. दरसाल तो कागद कचेरीतून नवा करून आणावा लागे. वाचनालयाचे चिटणीस उद्धवराव, वकिलाकडचे कारकून. शिसपेन्सिलीसारखा सडपातळ आणि तसाच टोकाला लवकर मोडणारा माणूस. मनानं वाईट नव्हता, पण रोज सकाळी आल्या आल्या आधी त्या चौकटीवरची धूळ पुसायचा आणि मग पुस्तकांवरची.

कचेऱ्यांना सुटी म्हणून शुक्रवारी तिथं छंदवर्ग भरे. सहा महिने, सहा छंद. दर महिन्याला एक छंद शिकायचा, त्यात एक छोटी कविता करायची, परीक्षकांनी लाल शाईनं तपासायची. सहाही छंदांत जो उतरेल त्याची शेवटची कविता वाचनालयाच्या वार्षिक हस्तलिखितात जायची. एक अख्खं पान, खाली त्याचं नाव. बस, एवढंच. पण डोमाजीला तेवढंच पाहिजे होतं.

डोमाजी मुधोळकडचा. कापसाच्या बाजाराच्या तोंडाशी त्याचं दुकान. कारकुनांच्या शेरवान्या, शेतकऱ्यांच्या बंड्या, लग्नाच्या मोसमात नवऱ्यामुलांचे कोट. उर्दू दोन इयत्ता झालेली. मराठी वाचायला त्याला कोणी शिकवलं नाही. नागपूर-मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या ठाणांवर छापील चिठ्ठ्या असत, त्या वाचून वाचून तो शिकला. त्यामुळं चाळिसाव्या वर्षापर्यंत त्यानं वाचलेलं सगळ्यात लांब मराठी वाक्य 'धुतल्यावर आटणार नाही' हे होतं. अशा माणसाच्या डोक्यात शब्द जुळायला लागले, तर त्यानं जायचं कुठं? तो वर्गात आला आणि दाराजवळ बसला.

पहिल्याच शुक्रवारी परीक्षकांनी फळ्यावर लिहिलं : लघु एक मात्रा, गुरू दोन मात्रा. खाली सहाही छंदांची मापं लिहिली. बाकीचे बोटं मोजायला लागले. डोमाजी हसला.

"काय रे, समजलं का मात्रा म्हणजे काय?"

"समजलं साहेब. गिरह हाय ते."

"काय आहे?"

"गिरह. गजाचा सोळावा हिस्सा. लघु एक गिरह, गुरू दोन. पादाकुलकाची ओळ सोळा मात्रांची, म्हंजे बराबर एक गज. दोह्याची ओळ चोवीस, दीड गज. तुमची आर्या मात्र लबाड हाय. पैली ओळ दोन गजाले दोन गिरह कमी, आन् दुसऱ्या ओळीत कोन्यातरी शिंप्यानं आनखी तीन गिरह मारले हायेत."

वर्ग हसला. परीक्षक हसले नाहीत. "छंद हे वेदाचं अंग आहे, डोमाजी. शिंप्याच्या दुकानातलं ठिगळ नव्हे."

"अंग हाय म्हनूनच त माप घ्या लागते," डोमाजी म्हणाला.

त्या दिवसापासून परीक्षकांनी त्याचा कागद सगळ्यात शेवटी तपासायला सुरुवात केली, आणि सगळ्यात जास्त वेळ.

ओवीत डोमाजी उतरला. ओवीत कोणी पडत नाही, आयाबाया दळता दळता उतरतात. अभंगाला सहा-सहा-सहा-चार अक्षरं पाहिजेत. हा काज करता करता जुळवून घेऊन आला :

सुई म्हणे दोऱ्या, चाल माझ्या मागे,
मीच जाते आगे, टोचायाला.

"आगे हे हिंदी आहे," परीक्षक म्हणाले.

"बाजारातलं हाय साहेब. पन अक्षरं सहाच हायेत."

सहाच होती. पास करावं लागलं. साकी झाली, आर्या झाली. आर्येत दोनदा उसवावं लागलं, तिसऱ्यांदा बसली. मग दोह्याचा महिना आला. दोह्यात पहिला तुकडा तेरा मात्रांचा, दुसरा अकराचा, शेवट लघूवर. त्यानं लिहिलं :

कात्री चाले सरळ ही, कापड बोले हाय;
माप चुकविले ज्या करे, त्यास विचारू काय?

परीक्षकांनी चार वेळा बोटांवर मोजलं. माप तंतोतंत होतं. त्यांनी लाल शाईत 'ठीक' लिहिलं आणि ठीकमधला ठ इतका बारीक काढला की तो टिंबासारखा दिसला.

राहिला शेवटचा, पादाकुलक. चार ओळी, प्रत्येक ओळ सोळा मात्रांची. प्रत्येक ओळ एक गज. डोमाजीला वाटलं, हे तर आपल्याच घरचं कापड. महिनाभर तो दुसरं काही बोलला नाही. एका कारकुनाच्या शेरवानीला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावून बसला. शेवटी शुक्रवारी कागद टेबलावर ठेवला :

जीभ आमुची, बोल आमुचे,
गज तो तुम्हीच धरला हाती;
शब्द आमुचे शाळेबाहिर,
कापुन केली त्यांची माती.

परीक्षकांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्यांची नजर कागदावरून उठली, भिंतीवरच्या चौकटीवर गेली आणि तिथून हळूच खाली आली.

"हे 'तुम्ही' म्हणजे कोण?"

"ज्याच्या हातात गज हाय थो."

"म्हणजे कोण, ते विचारतोय."

"साहेब, म्या अंगरखा शिवून टांगला. कोनाले बसते ते मले काऊन पुसता?"

मागं कोणीतरी खोकल्यात हसू लपवलं. परीक्षकांनी लाल शाईत टाक बुडवला आणि 'तुम्हीच'च्या 'तु'वर गुरूची खूण काढली. "जोडाक्षराच्या मागचं ऱ्हस्व अक्षर गुरू. पहिल्या महिन्यात फळ्यावर लिहिलं होतं. 'म्ही' हे जोडाक्षर. म्हणून 'तु' दोन मात्रांचा. तुझी ओळ सोळा नाही, सतरा मात्रांची आहे. दोष."

"मी म्हनतो तवा त सोळाच भरते."

"तू 'तुमी' म्हणतोस. तुझी जीभ अशुद्ध आहे. अशुद्ध जिभेनं मोजलं तर अशुद्धच भरणार." मग आवाज एकदम मऊ केला. असल्या लोकांचा आवाज मऊ झाला की समजावं, कात्री धारेला लागली. "पण तुझी मेहनत वाया जाऊ नये. मी एक शब्द बदलून देतो." त्यांनी 'तुम्हीच' खोडलं आणि वर लिहिलं : काळें. "गज तो काळें धरला हाती. सोळा. निर्दोष. काळानं गज हातात धरला. अर्थालाही खोली आली बघ. उद्धवराव, हे हस्तलिखितात घ्या. खाली याचं नाव घाला."

वर्गानं माना डोलावल्या. डोमाजी उभाच होता. त्याचं पान त्याला मिळालं होतं, आणि त्यातला माणूस गायब झाला होता. शब्दांची माती काळानं केली म्हणे. काळाला कोण जाब विचारणार? काळ काय कचेरीत बसतो?

घरी आल्यावर आठ दिवस तो बोलताना शब्दाशब्दाला अडखळत राहिला. शेवटी एका रात्री त्यानं पायमशीनवर बसून एक शिवण घातली, उसवली, पुन्हा घातली. बायको विमलबाई काजं करत बसली होती. तिनं दोन घटका पाहिलं.

"कापडानं काय केलं तुमचं?"

"माजी जीभ खोटी हाय म्हनते," डोमाजी म्हणाला. "लिव्हाचं तुम्ही, आन् आपन म्हनतो तुमी. तो मंधातला ह आपन गिळून टाकतो. तीच ती सतरावी मात्रा असंल. माज्याच पोटात गेली असंल."

"ह गिळल्यानं एक गिरह कापड वाचत असतं त आपन कवाच सावकार झालो असतो."

"हसू नको. त्यायनं नियम दाखवला. जोडाक्षर हाय ते."

"मंग शिवून पाहा ना. तोंड वाकडं असंल, पाय त वाकडा नाई तुमचा."

डोमाजीनं तिच्याकडं पाहिलं. मग मशीनच्या पट्टीवर पाय ठेवला. एक दाब, एक मात्रा. आधी 'शब्द' म्हटलं. 'शब्'वर पाय थांबला, दोन दाब गेले तेव्हा कुठं 'द' आला. बरोबर, गुरू. 'कच्चा' म्हटलं, 'कच्'वर दोन दाब. 'सुस्त', तेच. आता 'तुम्ही'. त्यानं मुद्दाम ह चांगला छातीतून काढून, परीक्षकांसारखा, शुद्ध म्हटला. पाय थांबला नाही. 'तु' एका दाबात निघून गेला. पुन्हा म्हटलं. पुन्हा गेला. तुमी म्हणा नाहीतर तुम्ही म्हणा, तु एक गिरहच.

"ह गिळा का थुका," विमलबाई म्हणाली, "मशीन एकच माप देते."

"पन नियम..."

"नियम कोनत्या बुकातला? बुक पाह्यलं काय तुमी?"

पाहिलं नव्हतं. कोणीच पाहिलं नव्हतं. छंदांचं ते पुस्तक परीक्षकांनी स्वतःच वाचनालयाला दान दिलं होतं, पहिल्या पानावर लफ्फेदार सही करून. ते कुलपाच्या कपाटात असे आणि शुक्रवारी फक्त परीक्षकांच्या टेबलावर येई. वर्गानं फळ्यावरून उतरवून घ्यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोमाजी गळ्यात टेप आणि कमरेला कात्री तशीच घेऊन वाचनालयात गेला. उद्धवराव चौकट पुसत होते.

"घरी नेता येणार नाही," ते म्हणाले.

"नेत नाई. एक पान पाह्यतो."

जोडाक्षराचा नियम तेराव्या पानावर होता. अगदी तसाच, परीक्षकांनी लिहिला तसा. पण वाक्याच्या शेवटी पूर्णविराम नव्हता, स्वल्पविराम होता. आणि पुढलं पान उघडेना. छापखान्यातून आलेल्या घडीची वरची कड फोडलेलीच नव्हती. चौदा आणि पंधरा ही दोन्ही पानं आतल्या आत बंद, पेढीतल्या नव्या धोतरजोडीसारखी.

डोमाजीनं कात्री काढली.

"अरे, अरे, पुस्तकाला कात्री लावतोस?"

"उद्धवराव, नवं कापड हाय हे. कोनी अंगातच घातलं नाई अजून."

कात्री सरळ चालली. चौदावं पान उघडलं आणि त्यातून बंद कागदाचा वास आला. वाक्य तिथं पुढं चालू होतं : मात्र जोडाक्षराचा आघात मागील अक्षरावर येत नसेल, तर ते अक्षर लघूच समजावे, जसे, तुम्ही, कुऱ्हाड.

डोमाजीनं तो शब्द बोट ठेवून वाचला. तुम्ही. छापलेला. सहा महिने ह्या माणसानं वर्ग शिकवला, त्याआधी तीन वर्गांना शिकवला, आणि स्वल्पविरामाच्या पुढं गेलाच नाही. उद्धवरावांनीही वाचलं. त्यांचा चेहरा पडला.

"वयस्कर माणूस आहे," ते म्हणाले. "नजरचूक झाली असेल. मी एकांतात सांगतो. चारचौघांत बोलू नकोस डोमाजी, कागद नवा करून घ्यायचाय पुढल्या महिन्यात."

"कोन्ता कागद? कवितेचा का भितीवरचा?"

उद्धवराव पुन्हा चौकट पुसायला लागले. डोमाजी घरी आला आणि विमलबाईला सगळं सांगितलं. नजरचूक असेल, म्हणाला. न वाचलेला माणूस चुकतोच.

विमलबाईनं दाताखालचा दोरा तोडला. "तो रुईबाजारातला दलाल आठवते काय? कापूस घेतेवक्ती एक वजन, इकतेवक्ती दुसरं. पैल्यांदा आपनबी म्हनलो, चुकला असंल बिचारा. गज खोटा हाय का मापनारा खोटा, हे समजाचं असंल त त्याच्या पसंतीचं कापड न्या मापाले. तेवढंच. त्याच जागी तोच शब्द."

डोमाजी हसला नाही. त्यानं खडू उचलला. पुढल्या शुक्रवारी तो हात जोडून परीक्षकांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, चूक समजली, सराव म्हणून आणखी दोन ओळी केल्यात, तेवढ्या पाहाव्या. ओळी अशा होत्या :

अज्ञानाच्या काळ्या राती
मशाल तुम्हीच धरली हाती.

परीक्षकांनी ह्या वेळी चौकटीकडं पाहिलं नाही. "हे 'तुम्ही' कोण?" असंही विचारलं नाही. ते त्यांना बरोबर समजलं. त्यांनी बोटांवर मोजलं, सोळा भरवल्या, लाल शाईत 'निर्दोष. उत्तम.' लिहिलं आणि ह्या खेपेला अक्षरं चांगली टपोरी काढली. "हे हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर घ्या, उद्धवराव. बघा, शिकवलं की शिकतात."

उद्धवरावांनी डोमाजीकडं पाहिलं, डोमाजीनं उद्धवरावांकडं. दोघांच्याही लक्षात आलं होतं. फरक एवढाच, की एकानं मान खाली घातली.

आणि मग हस्तलिखित बांधून तयार झालं तो शुक्रवार आला. वीसेक माणसं जमली होती. परीक्षक मधल्या खुर्चीत. उद्धवराव पानं उलटून दाखवत होते. डोमाजीचं पान आलं. सुरेख वळणदार अक्षर, वेलबुट्टीचा काठ. जीभ आमुची, बोल आमुचे, गज तो काळें धरला हाती. खाली : डोमाजी शिंपी, आदिलाबाद. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं आपलं नाव शाईनं काढलेलं पाहिलं. दुकानाच्या पाटीवरही ते नव्हतं. दोन क्षण तो नुसता त्या नावाकडं बघत राहिला, आणि खरं सांगायचं तर त्या दोन क्षणांत त्याला वाटलं, जाऊ द्या. एक शब्द तर आहे. नाव तर आलं.

मग त्यानं कात्री काढली आणि पानाच्या तळाची, नावाची तेवढी पट्टी कापून घेतली. सरळ, शिंप्याच्या हातानं, एक सूत इकडंतिकडं नाही. पट्टी खिशात घातली.

"काय करतोस तू हे," परीक्षक उठले.

"नाव माजं हाय साहेब, ते मी घेतलं. ओळ तुमची हाय, तिच्याखाली तुमी सही करा. तुमची सही झोकदार असते, बुकावर पाह्यली म्या."

"हा उद्धटपणा वाचनालयात चालणार नाही. याला बाहेर काढा कोणीतरी."

कोणी उठलं नाही. डोमाजीनं टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी मांडले. एकावर लाल शाईत दोष, दुसऱ्यावर लाल शाईत निर्दोष. मधोमध छंदांचं पुस्तक ठेवलं, चौदावं पान उघडून. आणि पानावर, कागद उडू नयेत म्हणून, आपला लोखंडी गज ठेवला.

"हे पान म्या फोडलं. तुमचं बुक, तुमची सही, आन् आतलं पान कोरं करकरीत. इथं लिव्हलं हाय, तुम्हीतला तु एका मात्रेचा. तुमी ते वाचलं नाई, ते एक वेळ चालंल. मीबी लय उशिरा वाचाले शिकलो. पन मंग दुसऱ्या कागदावर तोच तु एका मात्रेचा कसा झाला? तोच शब्द. तीच जागा. तुमच्या नियमानं तिथंबी सतरा भराले पाह्यजे होत्या. मी तुमाले पुसलं त एक गिरह वाढलं, तुमाले ओवाळलं त घटलं. असा कोन्ता गज हाय साहेब, सांगा मले, मीबी इकत घेतो. दुकानात कामी येईल."

"डोमाजी," उद्धवराव पुटपुटले, "पुरे झालं."

"तुमी भ्याले असाल त तसं म्हना," डोमाजी परीक्षकांनाच म्हणत होता. "भेव मलेबी लागते. मी कचेरीतल्या लोकायच्या शेरवान्या शिवतो, मले का समजत नाई? तुमी म्हनले असते, बाबू, हा शब्द ठेवला त परवाना जाईल, माजा वजिफा जाईल, त म्या सोताच्या हातानं खोडला असता. पन तुमी तसं म्हनलं नाई. तुमी म्हनले तुजी जीभ खोटी हाय. आठ दिवस मी माज्या जिभेले खोटी समजून राह्यलो. बायकोसंग बोलतानी थांबून राह्यलो. माजी माय ज्या तोंडानं तुमी म्हनत मेली, त्या तोंडाले म्या मनात नापास केलं. ते कोन भरून देईल?"

परीक्षकांचा हात दौतीकडं गेला आणि तिथंच राहिला. त्यांनी भिंतीकडं, चौकटीकडं पाहिलं.

"तिकडं नोका पाहू, थो कागद उर्दूत हाय, त्यात मात्रा नसते. इकडं पाहा." डोमाजीनं गज उचलला आणि दोन्ही कागदांवरच्या त्या एकाच शब्दावर आडवा धरला. "तुम्हीच. ह्या शब्दात मात्रा किती हायेत साहेब? चार का पाच? एक आकडा सांगा. मी उभा हाय."